जिनेव्हाचा बंद जेट

"लाईन गेली वाटते," असं म्हणून खर्चे गुरुजी खाली बसले आणि त्यांच्या मागोमाग आमची सगळी टूर खाली बसली.

जागा होती स्वित्झर्लंडमधल्या जिनेव्हा सरोवराचा धक्का. धक्का म्हणजे पाण्यात लांबवर आत गेलेली दगडी वाट. तिथूनच ते प्रसिद्ध कारंजं उडतं, एकशेचाळीस मीटर उंच. जिनेव्हाच्या पोस्टकार्डांवर आणि चॉकलेटच्या डब्यांवर तेच असतं. त्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळं जागच्या जागी होतं, फक्त कारंजं नव्हतं. वारा सुटला होता. सरोवरावरून येणाऱ्या त्या गार वाऱ्याला तिथले लोक 'बीझ' म्हणतात. वारा वाढला की कारंजं बंद ठेवतात, नाहीतर ते सगळं पाणी वाकडं होऊन रस्त्यावर आणि माणसांवर पडतं.

टूर लीडर म्हणून मी हे सगळं सांगितलं. ओढणी तोंडावर येत होती, ती बाजूला करत करत सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. ते धाड गावच्या शाळेत मुख्याध्यापक होते. दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मग आपलंच खरं करायचं, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

"वारा हाये ते दिसून राह्यलं," ते म्हणाले. "पन वाऱ्यानं मोटार काऊन बंद पडन? लाईनच गेली असन. येईन."

इथे जरा सांगायला हवं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात शेतीपंपाची वीज ठरलेल्या वेळी येते आणि न ठरलेल्या वेळी जाते. तिला 'लाईन' म्हणतात. लाईन गेली तर शहाणा माणूस विहिरीवरून हलत नाही. कारण तो घराकडे निघाला की ती येते, हा घरोघरचा अनुभव आहे. माझे सव्वीस पॅक्स जवळजवळ सगळे शेतकरी. पॅक्स म्हणजे प्रवासी. टूरच्या धंद्यात एक असला तरी पॅक्स आणि पन्नास असले तरी पॅक्सच. आणि वाट बघण्याच्या कामात माझ्या पॅक्सचा हात धरेल असं अख्ख्या युरोपात कोणी नव्हतं. दोन मिनिटांत पिशव्यांमधून दशम्या निघाल्या. मग ठेचा निघाला. एका काकूंनी वाऱ्याला पाठ करून शेंगदाण्याची चटणी वाढायला घेतली. धक्क्यावरून जाणारं एक जपानी जोडपं थांबलं आणि कारंज्याऐवजी आमच्या पंगतीचेच फोटो काढू लागलं.

टूरचा शेवटचा दिवस होता. दुपारचं विमान. साडेबाराला बस सोडायची होती. आमचा ड्रायव्हर पाउलो पोर्तुगीज, स्वभावाने गरीब, पण घड्याळाला बांधलेला. तिकडे ड्रायव्हरने किती तास गाडी चालवली ते गाडीतलंच एक यंत्र मोजतं. तास संपले की तो भर रस्त्यात विश्रांती घेईल, पण नियम मोडणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट माझ्या टेबलाची होती. पुण्याच्या एका टूर कंपनीचं बुलडाण्याचं टेबल मी आठ वर्षं चालवते. बसस्टँडजवळ एक खोली, एक कॉम्प्युटर आणि मी. टूर संपताना प्रत्येक पॅक्सकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतात. ठरलेली सगळी ठिकाणं दाखवली का, असा त्यात एक रकाना असतो. मागच्या वेळी माझ्या ग्रुपमधल्या अकरा जणांनी त्या रकान्यात लिहिलं, 'डोंगर दाखवला नाही.' डोंगर दाखवला होता. त्या दिवशी धुकं होतं. पण पुण्याच्या साहेबांना अकरा फॉर्म दिसले, धुकं दिसलं नाही. आता अशी आणखी एक तक्रार आली तर बुलडाण्याचं टेबल बंद आणि बुकिंग अकोल्याहून, असं त्यांनी मला निघण्याआधी सांगून ठेवलं होतं. मला ते टेबल फार प्रिय आहे. आढेवेढे न घेता सांगते.

सकाळ तशी बरी गेली होती. जुन्या गावात लाकडाचं एक लांबच लांब बाक आहे. जगातल्या सगळ्यात लांब बाकांपैकी ते एक असं म्हणतात. सगळे एकाच वेळी बसले, तरी अर्ध्याहून जास्त बाक उरलं. याचंच लोकांना इतकं अप्रूप वाटलं की उठवायला पंधरा मिनिटं लागली. नंतर बागेतलं फुलांचं घड्याळ. तिथे पूजेपुरती चार फुलं घ्यायला हरकत आहे का, अशी विचारणा झाली. हरकत होती. मग तुटलेली खुर्ची. तीन मजली घराएवढी लाकडी खुर्ची, तिचा एक पाय अर्धवट तुटलेला. पहिल्यांदा 'दुरुस्त काऊन नाई करत' यावर चर्चा झाली. भूसुरुंगांमध्ये पाय गेलेल्या माणसांसाठी ती तशीच उभी केली आहे, हे सांगितल्यावर बायकांनी हात जोडले. म्हणजे तीन ठिकाणं पार पडली होती. राहिलं होतं चौथं.

आणि या चौथ्यात खरा घोळ माझाच होता. कारंज्याचं तिकडचं नाव 'जे दो'. लिहायचं वेगळंच, त्यात पहिला शब्द जेट. चिखलीच्या प्रेसमध्ये मी पत्रक छापायला दिलं तेव्हा त्यांनी ते आधी 'जेट डो' केलं, नंतर 'जेट दिओ', आणि तिसऱ्या प्रूफमध्ये 'जेट देव'. मी वैतागले. म्हटलं, नुसतं 'जेट' ठेवा. पत्रक असं निघालं: 'जिनेव्हा: विशाल सरोवर, फुलांचे घड्याळ, तुटलेली खुर्ची आणि जगप्रसिद्ध जेट.'

आमच्या भागात जेट म्हणजे विमान नाही. जेट म्हणजे बोअरवर बसवायचा पंप. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माझ्या माहेरच्या अंगणात तो होता. पण पत्रक छापताना डोक्यात स्वित्झर्लंड होतं.

पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी उंद्रीचे प्रल्हादभाऊ माझ्या टेबलाशी आले. वय बासष्ट. चाळीस वर्षं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी भरायची आणि सोबत पंपाची सगळी दुरुस्ती. पत्रकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, किती एचपीचा आहे? मी म्हटलं, भाऊ, खूप मोठा आहे. कंपनी कोणती? स्विस असणार. मग त्यांनी जरा थांबून विचारलं, चालू आहे ना पण? मी म्हटलं, रोज चालू असतो. दोन दिवसांनी ते बायकोला, कमलकाकूंना, घेऊन आले आणि दोन सीट बुक केल्या. काकूंना खरं तर काशीला जायचं होतं. ते पंप नव्हे, कारंजं आहे, हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ग्रुप भरायला दोनच सीट कमी होत्या.

आता धक्क्यावर बाकीचे पंचवीस जण बसलेले आणि प्रल्हादभाऊ मात्र उभे. धक्क्यावरच्या पंपघराच्या बंद दाराला कान लावून. मी काकूंकडे पाहिलं. काकू दशमी मोडत म्हणाल्या की लग्न झाल्यापासून हे असंच आहे, लोकांच्या घरी गेलं तरी हा माणूस आधी पाण्याच्या टाकीपाशी जातो.

एवढ्यात पुण्याहून फोन आला. साहेबांना मी परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, त्यात काय, हा फोटो स्टॉप आहे. फोटो स्टॉप म्हणजे बस थांबवायची, दहा मिनिटं फोटो काढू द्यायचे आणि निघायचं. थांबलात ना? मग झालं. कारंजं नाही तर कारंज्याच्या जागेचा फोटो काढा. मी म्हटलं, सर, पण लोक बसलेत. ते म्हणाले, बसलेत म्हणजे? मी म्हटलं, दशम्या खाताहेत. मग साहेब म्हणाले की फ्लाइट चुकली तर फॉर्मची वाटसुद्धा बघणार नाही, टेबल सरळ अकोल्याला. फोन बंद झाला.

मी गुरुजींना विनवलं. ते मान हलवत राहिले. आपण उठलो की लाईन येईल, मग हळहळत बसावं लागेल, एवढंच त्यांचं म्हणणं. माझा संयम संपला. मी म्हटलं, तसं असेल तर उठाच ना, म्हणजे येईल.

मी हे चिडून बोलले होते. पण लोकांनी ते मनावर घेतलं. त्यावर चर्चा झाली. सगळ्यांनी उठायची गरज नाही, काही जण गेले तरी पुरे, असं ठरलं. मग चार माणसं निवडली गेली. ती पिशव्या घेऊन, अगदी खरोखर निघाल्यासारखी, मागे वळून न बघता धक्क्यावरून बागेकडे चालत गेली आणि झाडांआड उभी राहिली. बाकीच्यांनी पाण्याकडे नजर लावली. मीसुद्धा लावली, खोटं कशाला बोलू. काहीच झालं नाही. दहा मिनिटांनी चौघे परत आले. लाईनला कळलं आपण नाटक करतोय, असा निष्कर्ष निघाला आणि उरलेल्या दशम्या संपवायला घेतल्या.

अकरा वाजून गेले होते. मी प्रल्हादभाऊंकडे गेले. म्हटलं, निदान यांना तरी खरं सांगून टाकावं.

"भाऊ, माझं चुकलं," मी म्हटलं. "हा आपल्याकडचा जेट नाही. कारंजं आहे. पंप कोणाला दाखवत नाहीत. पत्रकात मी नीट लिहिलं नाही."

"कारंजं हाये ते मले मुंबईलेच समजलं," ते म्हणाले. "विमानातल्या पुस्तकात फोटो होता. पन पानी वर कोन फेकते? पंपच ना?"

ते दाराकडेच बघत होते.

"मॅडम, चाळीस वर्षं झाले या धंद्यात. मी चालू पंप पाह्यलाच नाही. चालू असला तं मले कोन बलावते? जळल्यावर बलावतेत. दुरुस्त करून चालू केला, का पानी आलं म्हनून लोक मले चहा पाजतेत अन् मी दुसऱ्या जळालेल्याकडे जातो. तुमी म्हनल्या रोज चालू असते. म्हनून आलो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे मला जास्तच लागलं. एवढा वेळ मी सव्वीस फॉर्मांची काळजी करत होते. हा माणूस कमलकाकूंची काशी रद्द करून आला होता, माझ्या तीन शब्दांवर विश्वास ठेवून, आणि ते तीन शब्द मी सीट भरायला बोलले होते. मला स्वतःची लाज वाटली.

त्याच वेळी धक्क्यावरून एक म्हातारे गृहस्थ आले. सत्तरीचे असावेत. अंगात निळं जाकीट, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्या कारंज्याची राखण तिथल्या पाणीखात्यातले निवृत्त लोक आळीपाळीने करतात, हे मला माहीत होतं. वाऱ्याचा अंदाज घेऊन कारंजं कधी सोडायचं आणि कधी थांबवायचं, ते हेच ठरवतात. गृहस्थांनी आधी आमची पंगत पाहिली. मग दाराशी उभे असलेले प्रल्हादभाऊ पाहिले. काहीतरी फ्रेंच बोलले. माझं फ्रेंच नमस्कार, आभार आणि टॉयलेट कुठे आहे एवढंच. मी म्हटलं, 'इंडिया, पंप मेकॅनिक.' त्यांना कळलं नाही.

मग प्रल्हादभाऊंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी आपल्या छातीला हात लावला आणि तोंडाने मोटारीचा आवाज काढला. आधी 'घूंऽऽऽ' असा एकसारखा. मग मध्येच 'खर्र, खर्र' असा. खर्र करताना त्यांनी चेहरा असा वेडावाकडा केला की जणू घरात कोणी आजारी असावं. मग हाताने काहीतरी उघडलं, काढलं, बसवलं आणि पुन्हा 'घूंऽऽऽ'.

गृहस्थ टक लावून बघत होते. मग त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि स्वतः आवाज काढला. त्यांचा 'खर्र' जरा वेगळा होता, मध्ये टक टक होती. प्रल्हादभाऊंनी लगेच मान डोलवली आणि मला म्हणाले, "यायची बेअरिंग गेली व्हती कधीतरी." पुढची पाच मिनिटं दोन म्हातारी माणसं त्या वाऱ्यात उभी राहून एकमेकांना आपापल्या आयुष्यातल्या बिघडलेल्या मोटारी ऐकवत होती. गुरुजी लांबून विचारत होते की काय चाललंय. मी हातानेच थांबा म्हटलं.

शेवटी गृहस्थांनी कोणाला तरी फोन लावला, बरंच बोलले, आमच्याकडे बघून हसले आणि कुलूप काढलं. एक बोट दाखवलं. एकच माणूस. मग माझ्याकडे बघून दुसरं बोटही वर केलं.

प्रल्हादभाऊंनी दाराशी चपला काढल्या. गृहस्थ 'नो, नो' करत होते, पण ते अनवाणीच आत गेले.

आत दोन प्रचंड पंप होते. स्वच्छ, तेलाचा एक डाग नाही. भाऊंनी मोटारीवरची पाटी वाचली. पाटीवर किलोवॅट होते, त्याचे त्यांनी बोटांवर एचपी केले, मग परत केले आणि कपाळाला हात लावला. पण पंप बंद होते. एका डायलवर वाऱ्याचा वेग दिसत होता. गृहस्थ त्याच्याकडे बघत उभे. भाऊ पंपाकडे बघत उकिडवे बसले. मी घड्याळाकडे बघत होते. बारा वाजले. बारा वाजून पाच मिनिटं झाली. पाउलोचे दोन मिस्ड कॉल आले. मी फोन पर्समध्ये टाकला. टेबल जायचं तर जाऊ दे, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

बारा वाजून आठ मिनिटांनी डायलचा काटा खाली आला. गृहस्थांनी भाऊंकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

आधी पायाखालची फरशी थरथरली. मग आवाज आला. मी तो लिहून दाखवू शकत नाही. आमच्या डोक्यावरून सेकंदाला पाचशे लिटर पाणी आभाळात जात होतं आणि बाहेर आमचे चोवीस जण आणि कमलकाकू ओरडत होते, ते भिंतीतून बारीक ऐकू येत होतं. बाहेर पळत जाऊन बघावं असं मला वाटलं. भाऊ मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी पंपाच्या अंगावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

थोड्या वेळाने त्यांनी गृहस्थांकडे हात पुढे केला. शब्द नाही, खूण नाही, नुसता हात. गृहस्थांनी भिंतीवरचा एक लांब स्क्रूड्रायव्हर काढून त्यांना दिला. भाऊंनी त्याचं टोक मोटारीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंग असंच ऐकतात, मला नंतर कळलं. तिकडेही असंच ऐकतात. भाऊ एका टोकाला ऐकायचे, मग दुसऱ्या टोकाला, डोळे मिटून. गृहस्थ त्यांच्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टर तपासत असताना नातेवाईक बघतात तसे.

भाऊंनी स्क्रूड्रायव्हर परत दिला. डोळे ओले होते.

"यात मले काहीच काम नाई," ते म्हणाले.

मला हे फ्रेंचमध्ये सांगता आलं नसतं. सांगायची गरजही पडली नाही. गृहस्थांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

दहा मिनिटांनी वारा पुन्हा फिरला आणि कारंजं बंद करावं लागलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आभाळ रिकामं होतं आणि धक्क्यावरची आमची सगळी मंडळी नखशिखांत भिजलेली होती. वाऱ्याने ती सगळी धार बरोबर त्यांच्यावर आणून टाकली होती. सगळे बेहद्द खूश होते. लाईन आलीच की नाही, असं गुरुजी प्रत्येकाला विचारत होते. मी म्हटलं, आली. पाउलोने मात्र ओल्या माणसांना सीटवर बसू द्यायला नकार दिला. शेवटी प्रत्येकाने दुकानातून आणलेल्या चॉकलेटच्या पिशव्या रिकाम्या करून खाली अंथरल्या आणि बस बारा पन्नासला निघाली. विमान मिळालं. ओल्या कपड्यांतच मिळालं.

बसमध्ये सगळे एकमेकांना व्हिडिओ दाखवत होते. कमलकाकू नवऱ्याला बोलत होत्या की सातासमुद्रापार येऊन तुम्ही मान वर करून पाणीसुद्धा पाहिलं नाही. भाऊ म्हणाले, पाण्यात काय पाहायचं. काकूंनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या खांद्यावर बसमध्ये राहिलेली आपली कोरडी शाल टाकली.

आठवड्याने पुण्याहून साहेबांचा फोन आला. माझे सव्वीस फॉर्म त्यांच्यासमोर होते. पंचवीस जणांनी कारंज्याला पैकीच्या पैकी दिले होते, असं त्यांच्या कारकिर्दीत झालं नव्हतं. एक फॉर्म मात्र त्यांना अडला होता. सगळे रकाने कोरे आणि शेवटी शेऱ्यात तीन शब्द: 'जेट चालू होता.'

चालू होता म्हणजे काय, त्यांनी विचारलं. आधी बंद होता असं सुचवायचंय का? ही तक्रार धरायची का?

"नाही सर," मी म्हटलं. "यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी आयुष्यात कोणाला दिलेली नसेल."

साहेबांना ते पटलं नाही, पण त्यांनी तो फॉर्म 'उत्कृष्ट'मध्ये धरला. माझं टेबल राहिलं. आता फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचण्याआधी, लिहिणारा काय काम करतो ते मी बघते.